पान नव्हे, देठ

"तोडू नका जी, निलगिरी आहे ते."

चंचलने फांदी सोडली नाही. बल्लारपूरजवळच्या कोळसा खाणीतून निघालेल्या मातीच्या टेकाडावर ती कॉलेजच्या अभ्यासासाठी झाडं ओळखायला आली होती, आणि झाडांच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. तिने वळून पाहिलं. उन्हात रापलेला एक तरणाताठा पोरगा... डोळे असे हसरे, की रागवायचं राहूनच गेलं.

"निलगिरीचं पान चुरलं की वास सुटते. हे घ्या, हुंगा."

त्याने हुंगलं, पण नजर पानावर नव्हती.

"हे बाभळीच्या जातीतलं झुडूप होय," ती म्हणाली.

"काटा नाई, बारीक पानं नाई, अन् बाभूळ?"

"हे पानच नोहे. देठ चपटा झाला हाय. शिरा पाहा, कशा लांबच्या लांब गेल्या."

"आमच्याकडं लांब पान म्हणजे निलगिरी," तो म्हणाला.

कागद कारखान्याच्या त्या गावात सगळे तसंच म्हणत. त्याचं नाव प्रवीण. टेकाडावरची लागवड तो सांभाळायचा. हिवाळाभर दोघं त्याच झुडपावरून भांडली. झुडपाला पिवळे तुरे आले, तरी भांडण सरेना... आणि खरं सांगायचं तर तिला ते सरायला नकोच होतं.

मग घरी तिच्यासाठी स्थळं पाहायला लागले. तिने त्याला सांगून टाकलं. त्याने पायाने माती उकरली.

"पैज लावू," तो म्हणाला. "बाभूळ निघाली, तर मी तुह्या बाबाले तुह्यासाठी मागणं घालतो."

पुरावा हवा, तर नुकतं उगवलेलं रोप हवं. ती तडक टेकाडामागच्या रोपवाटिकेत शिरली. प्रत्येक रोपाला खाली बाभळीसारखी बारीक पानं होती, आणि वर त्या पानांचेच देठ रुंद होत गेले होते. ती सगळी रोपं प्रवीणनेच वाढवली होती, असं तिथे काम करणाऱ्या गिरजाबाईंनी कौतुकाने सांगितलं.

"तुले पहिल्यापासून ठाऊक होतं," टेकाडावर परत येऊन ती त्याला म्हणाली.

"होतं."

"मंग काऊन भांडत राह्यला?"

"तू येत राहावं म्हणून... अन् हरलो, तर घरी याले कारण भेटन म्हणून."

चंचलची मान ताठ झाली. "मले कोणी जिंकवून दिलेलं चालत नाई. पैज रद्द."

त्याचा चेहरा पडला.

"याचं असन तर रविवारी ये," ती म्हणाली. "पण हरला म्हणून नाई."

रविवारी बाबांनी दारातच विचारलं, "काय काम काढलं, भाऊ?"

"काम काईच नाई जी," प्रवीण म्हणाला. "चंचल आवडते मले. तिचा हात मागाले आलो."

आत चंचलने चहाला आधण ठेवलं, आणि पदर न सावरता, मान वर करून बाहेर आली.