‘का आलास’ विचारू नये

धनेश सावंत पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात आमचाच एक वॉकर होता, आणि वॉकरच्या चौथ्या पायाला रबरी बुटाऐवजी निळ्या स्लिपरचा कापलेला तुकडा सुतळीने बांधलेला होता. मी वॉकर उलटा केला, तुकडा नीट पाहिला, मग त्या माणसाकडे पाहिलं. ऑक्टोबरची दुपार होती. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर गृहपाठ न केलेल्या मुलाचा भाव.

“हे काय आहे?”

“बूट हरवला. म्हणून... तात्पुरतं.”

मी वहीतली नोंद पाहिली. “म्हणजे तुमच्या आई महिनाभर चपलेवर चालत होत्या?”

“सगळेच चालतात की,” तो म्हणाला.

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. शनिवारी काउंटरवर मी असते, आणि काउंटरवरची बाई हसली की लोक आठवड्यासाठी नेलेली खुर्ची दोन महिन्यांनी आणून देतात.

आमचं रुग्णसाहित्य केंद्र म्हणजे परळच्या एका चाळीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. आजूबाजूला मोठी हॉस्पिटलं, गावाहून आलेले पेशंट, कुणाला चार दिवस व्हीलचेअर हवी, कुणाला महिनाभर वॉटरबेड. परत आलेली वस्तू धुवायची, दुरुस्त करायची, पुढच्याला द्यायची. हे सगळं चालवतात नाना. एकेकाळी ते गिरणीत फिटर होते, आणि अजूनही त्यांना खुर्चीचं चाक लांबून ऐकून त्याचं दुखणं सांगता येतं.

शनिवारी त्यांच्या हाताखाली पंधरा-वीस पोरं-पोरी असतात. काही कॉलेजातून येतात, आणि काहींना बाल न्याय मंडळ पाठवतं. हातून काहीतरी गुन्हा घडलेला असतो. पण कोंडून ठेवण्यापेक्षा घरी राहावं, शाळा सोडू नये आणि ठरावीक तास लोकांच्या उपयोगी पडावं, असा आदेश असतो. यातलं कोण कुठून आलं, ते फक्त नानांना आणि मंडळाच्या अधिकारी बाईंना माहीत असतं. बाकी कुणी विचारायचं नाही. भिंतीवर नानांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: ‘इथे कोणी कोणाला का आलास विचारू नये.’

तर त्या दिवशी नानांनी धनेशला सोडलं नाही. बूट बसवल्याशिवाय जायचं नाही म्हणाले. तो मुकाट पोरांच्या रांगेत बसला. दहा मिनिटांचं काम होतं, पण संध्याकाळ झाली तरी तो तिथेच. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, प्रभादेवीच्या टॉवरांमधून दिवसभर वर-खाली करायचा, त्यामुळे बिघडलेलं बेअरिंग दिसलं की त्याला राहवत नसे. पुढच्या शनिवारी तो ग्रीसचा डबा घेऊन आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला. आईचा वॉकर तर परत करून झाला होता... पण का आलास, हे विचारायचं नाही. नियम म्हणजे नियम.

या नियमाने भलताच घोळ केला. सगळी पोरं कॉलेजची आहेत आणि मार्कांसाठी येतात, असं धनेश समजून चालला. आणि पोरांनी ठरवून टाकलं की त्यालाच कुणीतरी पाठवलंय. लवू नावाचा एक सोळा वर्षांचा, चुरूचुरू बोलणारा पोरगा होता. तो एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, एवढा मोठा माणूस... केस पण मोठीच असणार, काय?” मी त्याला चाकाच्या तारा पुसायला पिटाळलं आणि आत जाऊन पोटभर हसले. लवू स्वतः कुठून आला होता, ते मी इथेही सांगणार नाही.

नानांचा आणखी एक रिवाज होता. दुरुस्त झालेली खुर्ची फेरी झाल्याशिवाय पेशंटला मिळत नसे. एकाने खुर्चीत डोळे मिटून बसायचं, दुसऱ्याने ढकलत गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नळापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. बसणाऱ्याला कुठे चाललोय ते ठरवता येत नाही, हे अंगाला कळायला हवं, असं नानांचं म्हणणं.

एका शनिवारी फेरीला मी आणि धनेशच उरलो. म्हणजे नानांनी उरवलं, असं मला आता वाटतं.

“डोळे मिटा,” मी म्हटलं.

“पूर्ण?”

“अर्धे कसे मिटतात?”

मी खुर्ची दणादण नेली. गटाराच्या झाकणावरून, गतिरोधकावरून, नळापर्यंत. मी त्याला कसं वाटलं ते विचारलं.

“उजवं चाक ओढतंय.”

“आणखी?”

“आणखी... ढकलणारी रागावलेली आहे.”

“रागावलेली नाही. तुमचं वजन आहे.”

“तुमचं नको,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “तुझं म्हण.”

मी खुर्ची वळवली. परतीच्या वाटेवर मात्र चाक जरा हळू गेलं.

मग तो ढकलायला आणि मी खुर्चीत. मी डोळे मिटले, खुर्चीचे हात घट्ट धरले. आठ वर्षं मी या गल्लीतून फेऱ्या केल्यात, कोणता दणका कुठे बसणार ते मला पाठ आहे. आणि मागून त्याचा आवाज आला, अगदी हळू—“आता झाकण येतंय.” थोड्या वेळाने, “आता उतार.” मग, “एक सायकल आहे, थांबतो.” आठ वर्षांत असं आधी सांगून मला कुणी नेलं नव्हतं. मी तिथेच, त्या नळाच्या अलीकडे, त्याच्या प्रेमात पडले. डोळे उघडायचे राहून गेले, तेव्हा तो म्हणाला, “मित्रा, पोचलो आपण.” माझं नाव संघमित्रा, पण घरच्यांशिवाय मला मित्रा कुणी म्हणत नाही. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

दिवाळी गेली. शीवच्या लॅबमधून दुपारी सुटले की मी शनिवारी जवळजवळ धावत परळला यायला लागले. काम संपल्यावर पायरीवर कटिंग चहा, आणि त्याच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी. अडकलेला माणूस घाबरला की तो बाहेरून त्याच्याशी जेवणाविषयी बोलत राहायचा म्हणे. मी विचारलं, मी अडकले तर काय बोलशील?

“तू अडकलीस तर मी सावकाश दुरुस्त करीन,” तो म्हणाला आणि कान लाल करून चहाच्या ग्लासात बघत बसला.

डिसेंबरात एकदा त्याच पायरीवर त्याच्या आईचा विषय निघाला. मीराबाई लालबागच्या बाजारातून येत होत्या, एका सोळा वर्षांच्या मुलाने अंगावर स्कूटर घातली, पाय मोडला. एवढं सांगताना धनेशचा आवाजच बदलला.

“आणि त्याला झालं काय? मंडळाने घरी पाठवला. कुठेतरी समाजसेवा करतोय म्हणे. असल्यांना आत टाकायला पाहिजे, मित्रा. त्याशिवाय नाही कळायचं.”

आमच्या मागे पान्यांचा आवाज थांबला. लवू चहा तसाच ठेवून आत निघून गेला. धनेशच्या लक्षातही आलं नाही.

तो आठवडा मी नीट झोपले नाही. कारण सतरा वर्षांची असताना मला या केंद्रात मंडळानेच पाठवलं होतं. ती नोंद कायद्याने केव्हाच पुसली गेली. नोकरीत, लग्नात, कुठेही ती सांगायला मी बांधील नाही. नाना तर मेले तरी बोलणार नाहीत. मी गप्प राहिले असते तर धनेश माझाच झाला असता. पण प्रत्येक झाकणाच्या आधी मला सांगणाऱ्या माणसाला मी काहीच न सांगता पुढे नेणार नव्हते.

पुढच्या शनिवारी फेरीला त्याला खुर्चीत बसवलं. नळापाशी खुर्ची थांबवली आणि म्हटलं, “डोळे उघडू नकोस. मला तुझ्याकडे बघून सांगता यायचं नाही.”

तो हसत होता. त्याला वाटलं असेल, दुसरंच काही येणार.

“आठ वर्षांपूर्वी, मी सतरा वर्षांची असताना, मैत्रिणीच्या भावाची स्कूटर काढली. लायसन्स नव्हतं. नायगावच्या नाक्यावर कौसल्याबाई म्हणून एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या... त्यांचा पाय मोडला. मी पळाले नाही, पण त्यांच्याजवळही गेले नाही. नुसती उभी राहून रडत होते. मंडळाने मला दीडशे तास इथे दिले. नानांनी पहिलं काम दिलं ते कौसल्याबाईंच्याच वॉकरचं. मी त्याचे बूट बसवले आणि मीच तो त्यांच्या दारात नेऊन दिला. त्यांनी मला पाणी दिलं. बोलल्या मात्र चार महिन्यांनी.”

त्याचं हसू गेलेलं मला मागूनही कळलं, खांद्यांवरून.

“तू?”

“मी. आणि आत बसलेल्या पोरांत कोण कुठून आलंय ते सांगणार नाही. पण तू परवा बोललास ते सगळ्यांनी ऐकलं.”

त्याने डोळे उघडले. खुर्चीतून उठला. आईला औषध द्यायचंय, असं काहीतरी म्हणाला आणि नळाच्या कोपऱ्यावरून वळला. मी रिकामी खुर्ची ढकलत परत आणली. दारात लवू उभा होता.

“ताई, दादांचे तास संपले काय?”

“माहीत नाही रे,” मी म्हटलं, आणि वॉटरबेडच्या ढिगामागे जाऊन रडले.

एक शनिवार गेला, दुसरा गेला. मला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, मग पुन्हा त्याचा आला. नानांनी विचारपूस केली नाही. फक्त सगळ्यात कुरकुरणारी खुर्ची माझ्यापुढे आणून ठेवली. संक्रांतीला कौसल्याबाईंकडे गेले. त्यांनी नेहमीसारखा लाडू हातावर ठेवला आणि विचारलं, तोंड का एवढंसं झालंय. मी लाडू तोंडात कोंबून उत्तर टाळलं.

तिसऱ्या शनिवारी तो आला. हातात रबरी बुटांची मोठी पिशवी. माझ्याकडे न बघता सरळ आत गेला आणि लवूशेजारी बसला. मी काउंटरवर पावती लिहीत होते, पण पेन चालेना, कान तिकडेच.

“त्या दिवशी मी आत टाका वगैरे बोललो,” तो पोरांना म्हणाला. “काही माहीत नसताना बोललो. चुकलो.”

लवू बराच वेळ तारा पुसत राहिला. मग त्याने शेजारचा दहा नंबरचा पाना उचलला आणि न बघताच धनेशपुढे धरला. धनेशने तो घेतला, आणि दोघं एकाच चाकावर कामाला लागले.

संध्याकाळी ती कुरकुरणारी खुर्ची तयार झाली. नाना म्हणाले, फेरी कोण करतंय? आणि उत्तर न ऐकताच आत गेले.

मी बसले. डोळे मिटले. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता.

“आता झाकण,” तो म्हणाला. “आता... उतार.”

नळापाशी खुर्ची थांबली. आठ वर्षांत मी ती पाटी एकदाही मोडली नव्हती. तेव्हा मोडली.

“का आलास?”

मागून खुर्चीच्या ब्रेकचा खटका ऐकू आला.

“पहिल्या दिवशी वॉकर द्यायला. त्यानंतर प्रत्येक शनिवारी तुझ्यासाठी.”

“आणि मधले दोन?”

“त्या दोन शनिवारी घरी बसलो होतो. आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल. ती तुझ्याबद्दल मालवणीत म्हणाली, ‘शिक्षा सरली तरी तां चेडू आठ वर्सां थंय जाता. तू मातर दोन-तीन म्हयन्यांत पळालंस.’”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी डोळे मिटूनच ठेवले.

“त्या पोरावरचा राग अजून गेलेला नाही, मित्रा. खोटं नाही बोलणार. पण तो कुठेतरी चाकं पुसत असेल, आणि त्याला कुणी नाना भेटले असतील, तर... तर बरं आहे, एवढं वाटतंय.” खुर्ची थोडी हलली, तो समोर येऊन उकिडवा बसला होता. त्याची बोटं माझ्या बोटांवर आली, ग्रीसने माखलेली. “तू मला आवडतेस. खूप. सगळ्या हकिकतीसकट. आता उघड डोळे.”

मी उघडले. दोन्ही घरांत अजून बरंच बोलणं व्हायचं आहे, आणि ते सोपं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी त्या क्षणी नळाशेजारी बसलेल्या त्या माणसाइतकं दुसरं काही मला हवं नव्हतं, आणि मी त्याला तसं सांगितलं.

परत येताना खुर्चीत कुणीच बसलं नाही. एक दांडा त्याच्या हातात, एक माझ्या. दारात लवू हात पुसत उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि अगदी काळजीच्या सुरात धनेशला विचारलं,

“दादा, तुमचे तास अजून संपले नाहीत काय?”

“नाही रे,” धनेश माझ्याकडे बघत म्हणाला. “पुष्कळ बाकी आहेत.”