ज्या घरचा करंट

गाडीला कुठलं चार्जिंग मानवेल, यावर काशीनाथने जेवढा विचार केला तेवढा लग्न करतानाही केला नव्हता.

कारखान्यात बत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन. शहाण्णव साली कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा साहेबाची विजेवर चालणारी बुटकी गाडी त्याने घरी, पूनम सागर सोसायटीत आणली. दोन दारं, आठ बॅटऱ्या, त्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या. सोसायटीने बघताक्षणी तिचं बारसं केलं : डबा.

पण हौस म्हणून नव्हती आणली. बायकोचा, हंसाचा, डावा हात आणि पाय आदल्या दिवाळीनंतर लकव्याने गेले होते. बेव्हर्ली पार्कच्या नर्सिंग होममधल्या फिजिओ मॅडम म्हणाल्या होत्या, "पहिले तीन महिने काय ते. तेवढ्यात व्यायाम झाला तर हात येईल. नंतर आशा धरू नका." रिक्षात हंसा उघड्या बाजूला कलंडायची, एकदा तर पडलीच. डब्याला निदान दारं होती. तीनातले दोन महिने संपले होते.

"बॅटरीतल्या जुन्या प्लेटांना घाई चालत नाही," काशीनाथने तिला समजावलं. "बारा तास हळूहळू पाजायचं."

"मला कधी पाजलंत असं बारा तास बसून?" हंसा म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून वायर खाली सोडली. मधल्या मजल्यावाल्यांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले. रविवारी सकाळी काटा फुल्ल. हंसाला पुढे बसवलं, डबा गुरगुरत निघाला आणि गेटपाशी मेला. मागे ढकलला की चालू. गेटकडे वळवला की बंद. बिल्डिंगभोवती मात्र अकरा फेऱ्या न दमता मारल्या आणि शेवटी बरोबर त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला.

सेक्रेटरी यतीनभाई गॅलरीतून ओरडले, "काशीनाथभाई, ये गाडी है के घरजमाई? बाहेरच जात नाय!"

सगळी बिल्डिंग हसली. काशीनाथने मीटर लावून एकेक बॅटरी तपासली. सगळ्या ठणठणीत. "वायर लांब पडते," तो म्हणाला. तेवढ्यात आठवडा गेला.

मग बूस्ट चार्जिंग. भाईंदर गावात शिवदासचं बॅटरीचं दुकान होतं. त्याच्या घरची पूर्वी मिठागरं होती. आता होतं ते एवढंच दुकान.

"दोन तासांत टाईट करून देतो," शिवदास म्हणाला. "पन जुन्या बॅटरीला सोसंल का, ते सांगता येत न्हाय."

या खेपेला डबा गेटमधून असा निघाला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. काशीनाथने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. चाकं डावीकडे वळली. स्टिअरिंग हातात ताटलीसारखं नुसतं गरगरत होतं. ब्रेक दाबला की डबा अदबीने थोडा हळू व्हायचा आणि परत चालायला लागायचा. शेवटची बिल्डिंग मागे पडली, रस्ता संपला, बांध आला. भराव टाकून बुजवलेल्या मिठागराच्या कडेला, घोटाभर पाण्यात, डबा थांबला.

"अहो," हंसाने विचारलं, "इथे कोण डॉक्टर बसतो?"

गाडी ओढायला शिवदासच चार माणसं घेऊन आला. पाण्यात उतरून त्याने जागा बघितली.

"हितं आमचा बांध व्हता," तो म्हणाला. "आजा हितंच गेला. काका, या बॅटऱ्या माझ्याकडं परत आनू नका."

घरी आल्यावर काशीनाथने बॅटऱ्यांच्या टोकांवरचा पांढरा थर खरवडून वाटीत जमवला. बॅटरी जुनी झाली की असं साचतंच. हंसाने उजव्या हाताचं बोट लावून ते जिभेवर ठेवलं.

"मीठ आहे," ती म्हणाली. "वरणात घालू?"

आता दहा दिवस उरले होते. काशीनाथच्या डोक्यात एक विचार आला. इतका बावळट, की त्याने तो हंसालाही सांगितला नाही. घरच्या करंटवर गाडी घर सोडत नाही. शिवदासच्या करंटवर शिवदासच्या बांधावर जाते. मग सरळ नर्सिंग होमचाच करंट भरला तर?

फिजिओ मॅडमना त्याने खूप गळ घातली. मागच्या अंगाला एका गार, बिनखिडकीच्या खोलीत सॉकेट रिकामं होतं. तिथली आया मंदा म्हणाली, "लावा की. तिथं कोण तक्रार करणारंय?" आठही बॅटऱ्या टेम्पोने नेल्या. बारा तास, हळूहळू. मग परत आणून डब्यात बसवल्या.

सोमवारी सकाळी दहा वाजता डबा निघाला. स्टिअरिंगला आजही अर्थ नव्हता, पण आज त्याची गरजच नव्हती. एकेक वळण बरोबर येत होतं. हंसा किती दिवसांनी हसली. "अहो, याला रस्ता पाठ आहे!" काशीनाथचे डोळे भरून आले.

नर्सिंग होमचं फाटक आलं. डबा आत शिरला.

पुढच्या दारावरून मात्र तसाच पुढे गेला.

भिंतीला वळसा घालून मागे आला आणि त्या गार खोलीच्या दाराशी थांबला. मंदा स्ट्रेचर घेऊन उभी होती. त्यावर कोरी चादर होती.

"आलात?" ती म्हणाली. "केव्हाची उभी आहे." तिने वाकून आत बघितलं. आधी हंसाकडे, मग काशीनाथकडे. "दोघांतलं कोण?"

काशीनाथने तोंड उघडलं. तेवढ्यात हंसाचा डावा हात हलला.

आधी बोट. मग मनगट. मग अख्खा हात मांडीवरून वर उठला.

"हंसा! हात! अगं, हात आला तुझा!"

हात फिरला. बोट काशीनाथवर येऊन थांबलं.

"अहो," हंसा अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी नाही करत आहे. खरंच, मी नाही करत."

मंदाने स्ट्रेचर ड्रायव्हरच्या दाराला लावलं.

काशीनाथ स्टिअरिंगवरून हात काढायला गेला. उजवा निघाला.