खडपाखालून आलेलं उत्तर

पटणं न पटणं तुमच्यावर. मी मात्र तिथे होतो, पूर्ण शुद्धीत होतो आणि ऊन डोक्यावर होतं.

जानेवारी २०२३. पौषातली अष्टमी, सकाळचे साडेअकरा. जागा बुरोंडीसमोरचं खडप, म्हणजे किनाऱ्याजवळचा पाण्याखालचा खडक. त्याच्या कपारींत शेवंड, म्हणजे मोठे काटेरी झिंगे, बसतात. अष्टमीला भांगाचं पाणी असतं. ओढ नसते, गढूळपणा कमी असतो.

मी विनीत. महिपतदादा माझा सख्खा मोठा भाऊ. आम्ही दोघं लहानपणापासून जोडीनेच बुडी मारायचो. डोळ्यांवर काच आणि छातीत दम, बाकी काही नाही. होडी सांभाळायला आमचे काका, आप्पा.

आमच्यात एक रीत आहे. प्रत्येकाच्या कमरेच्या पिशवीत एक गोटा असतो. जोडीदार दिसेनासा झाला की खडकावर दोनदा ठोकायचं. त्यानेही उलट दोनदा ठोकायचं. उत्तर आलं म्हणजे तो ठीक आहे.

त्या दिवशी मी वर आलो, तर आप्पा होडीत उभे होते.

"म्हैपत वर आला नाय रे. लई वेळ झाला."

मी तसाच खाली गेलो. ठोकलं.

काहीच नाही.

पुन्हा ठोकलं.

टक... टक.

माझा जीव भांड्यात पडला. आवाज पश्चिमेकडून, खोल बाजूने आला होता. मी तिकडे गेलो. एकेक कपार बघितली.

दादा नव्हता.

वर आलो, श्वास घेतला, परत खाली. ठोकलं. उत्तर आलं... आणखी थोडं पुढून.

असं किती वेळा केलं ते आठवत नाही. कानांत कळा येत होत्या, नाकातून रक्त येत होतं. दादा ठोकतोय म्हणजे जिवंत आहे, एवढंच डोक्यात होतं. त्या दहा मिनिटांत मी ग्रामदेवीला काय काय कबूल केलं, ते तिलाच ठाऊक.

शेवटच्या बुडीत खडप संपलं. पुढे नुसता गाळ. ठोकायला तिथे खडकच नव्हता.

टक... टक.

अगदी समोरून.

आणि मग मला ते सुचलं, जे पहिल्या उत्तरालाच सुचायला हवं होतं.

पाण्याखाली आवाजाची दिशा कळत नाही. तो चहूकडून आल्यासारखा वाटतो. बुडी मारणाऱ्याला हे पहिल्याच वर्षी कळतं.

या आवाजाला दिशा होती.

मी मागे वळलो. माझ्या पाठीमागे ठोके चालूच होते...

आता तर मी ठोकलंही नव्हतं.

दादा पूर्वेला सापडला. होडीपासून जेमतेम वीस हातांवर, दोन पुरुष खोल. उजवा हात कोपरापर्यंत कपारीत अडकलेला. सुटायची धडपड करून डाव्या हाताची नखं तुटलेली. त्याला ओढून काढला, होडीत घेतला. आप्पा किनारा येईपर्यंत त्याची छाती दाबत राहिले.

अंग अजून गरम होतं.

गोटा पिशवीतच होता. पिशवीची गाठसुद्धा सुटली नव्हती.

तेरावं झाल्यावर योगिनीवहिनी माझ्यासमोर येऊन बसली.

"भावजी, ह्यांनी ठोकलं होतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले.

"मग तुम्ही तरी काय करणार," ती म्हणाली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

मी खोटं बोललो नाही. दादाने ठोकलं नव्हतंच. पण तो हात सोडवायला धडपडत होता, तेवढा वेळ मला कुणीतरी त्याच्यापासून लांब नेत होतं, आणि मी आशेने जात होतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.