खिशातली मावशी

ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक.

आमच्या लॅबच्या खिडकीशी एकजण आला आणि म्हणाला, "मावशीला घेऊन आलोय." मी त्याच्या मागे बघितलं, तर कुणीच नाही! मग त्याने शर्टाच्या खिशातून डबी काढली. आत मेणाचा ठोकळा, आणि मेणात मावशीच्या पापणीवरच्या गाठीचा तपासणीसाठी काढलेला तुकडा.

"एवढ्या उन्हात खिशात? मेण वितळलं असतं म्हणजे?"

"मावशी अशी वितळत नाही हो. मला वाढवलंय तिने."

घड्याळं दुरुस्त करतो तो. मी काही विचारलं नव्हतं... बरं, विचारलं होतं!

मग रोजच यायला लागला. आमचा बंद पडलेला टायमरही चालू करून दिला.

"तुमची बोटं निळी कशाने झाली?"

"रंगाने. तुमच्या मावशीला लावला ना, तोच."

"म्हणजे नातं जुळलं की आपलं!"

अशा वेळी बघायचं कुठे गं? मी आपली भिंतीकडे बघत बसले.

आमचं काम कसं, एकेका आजाराच्या पेशी एकेकच रंग धरतात. नेहमीच्या रंगाला ही गाठ दाद देईना. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुसरा लाव. दुर्मीळ प्रकार वाटतोय."

त्याच दुपारी हा खिडकीशी वाकून म्हणतो, "रिपोर्ट उद्या ना? आज संध्याकाळी समोर चहाला या... आलात तर मी समजेन, मावशी ठीक आहे."

हसत म्हणाला. डोळे मात्र हसत नव्हते.

आणि तासाभराने मी दुसरा रंग लावलेली गाठीची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशीपेशीत एकेक तपकिरी ठिपका, कुणी बारीक ब्रशने ठेवल्यासारखा. खोटं कशाला बोलू, दिसतात सुंदर. पण ठिपके म्हणजे तोच तो दुर्मीळ कर्करोग. बाईंनी बघितलं, नुसतं "हं" म्हणाल्या. त्यांची सही होईपर्यंत आम्ही तोंड उघडायचं नाही, हा नियम.

आता बघ — गेले तर ते खोटं. नाही गेले तर न बोलता सगळं सांगितल्यासारखं!

गेले. पण बसले नाही. त्याने दोन कप मागवून ठेवले होते.

"मी चहाला आलेली नाहीये," मी म्हटलं. "चहा उद्या. रिपोर्ट हातात आल्यावर. तो कसाही असू दे."

 

"उद्या... नक्की याल?"

"परवाही येईन."

"मग मावशीलाही आणतो."

"खिशातून नको हं या वेळी."

हसला गं तो! हसता हसता मनगटाने डोळे पुसले... आणि दुसरा कप माझ्यापुढून उचलून हळूच बाजूला ठेवला.

बोलले तर काहीच नाही मी. तरी सांगितलंच ना सगळं? बाईंना आता काय तोंड दाखवू?

खरं सांग, तू असतीस तर गेली असतीस का?