शरयूच्या उजव्या हाताचं हाड

शरयू गावितच्या दोन्ही हातांच्या हाडांची चित्रं पडद्यावर शेजारीशेजारी होती. उजव्या दंडाचं हाड डाव्यापेक्षा चांगलंच जाड होतं. झरीनामावशींनी यंत्र पुन्हा तपासलं. यंत्र ठीक होतं.

डॉ. झरीना मुजावर चंद्रावरच्या वस्तीत हाडांच्या डॉक्टर होत्या. बारा वर्षांची शरयू तिथंच जन्मली होती. चंद्रावर आपलं वजन पृथ्वीवरच्या एक षष्ठांश भरतं, म्हणून तिथल्या मुलांची हाडं विरळ राहतात. त्यामुळे वस्तीचा नियमच होता, की चंद्रावर जन्मलेल्यांनी पृथ्वीवर जायचं नाही. शरयूला तो मान्य नव्हता. तिला आईच्या गावी तापी नदीत पोहायचं होतं. वस्तीप्रमुख रेगेकाकांकडे तिनं तीन अर्ज केले आणि तिन्ही परत आले.

आता हे कोडं! दोन्ही हातांना अन्न तेच, औषध तेच, चंद्रही तोच. मग एकच हाड जाड कसं?

उजव्या हातानं काय करतेस, असं मावशींनी विचारलं. शरयूनं आठवून सांगितलं, की चार वर्षं ती रोज शाळेनंतर लाकडी फळीनं भिंतीवर चेंडू टोलवत होती.

"पण इथं चेंडू हलका असतो ना?" तिनं विचारलं.

"उचलताना हलका," मावशी म्हणाल्या. "वेगानं आलेला चेंडू टोलवताना मात्र हाताला धक्का पृथ्वीवरच्याइतकाच बसतो. इथं वजन घटतं, वस्तुमान (वस्तूत असलेलं द्रव्य) घटत नाही."

मग त्यांनी हाडाचा आतला भाग मोठा करून दाखवला. त्यात केसाहून बारीक नळ्या होत्या आणि त्यांत द्रव होता. धक्का बसला की हाड अगदी किंचित वाकतं आणि तो द्रव सरकतो. अस्थिपेशींना (हाडात राहणाऱ्या जिवंत पेशींना) ते जाणवतं. त्या निरोप धाडतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. जिथं धक्केच बसत नाहीत, तिथं हाड पोखरणाऱ्या पेशींचं काम वरचढ ठरतं.

शरयूनं आपला उजवा दंड चाचपला. मग म्हणाली, "म्हणजे माझी हाडं जन्मानं कच्ची नाहीत. त्यांना कुणी काम दिलं नाही."

तिच्या बाबांनी जुन्या गाड्यांचे रबरी पट्टे काढून आणले. एक टोक जमिनीला, दुसरं तिच्या खांद्यांना नि कमरेला. उडी मारली की पट्टे तिला खाली खेचायचे आणि पाय दणकन आपटायचे. पहिल्याच दिवशी तिनं तीनशे उड्या मारल्या. मावशी रागावल्या. सारखे धक्के बसले तर अस्थिपेशी दाद देईनाशा होतात, त्यांना काही तास विश्रांती लागते. सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस, एवढंच ठरलं.

अपघात होईल म्हणून रेगेकाकांनी पट्टे काढायला लावले. दुसऱ्या दिवशी शरयूनं ते पुन्हा बांधले. त्यांनी पुन्हा काढायला लावले, तेव्हा ती मावशींची लेखी परवानगी घेऊन रेगेकाकांच्या दारात उभी राहिली आणि त्यांनी कागद वाचून संपवेपर्यंत हलली नाही. त्यानंतर कुणी पट्ट्यांना हात लावला नाही.

चौदा महिन्यांनी तपासणी झाली. मांडीच्या आणि पाठीच्या कण्याच्या हाडांची घनता पृथ्वीवर वावरण्यासाठी लागणाऱ्या आकड्याच्या जरा पुढे गेली होती.

रेगेकाकांनी अहवाल दोनदा वाचला. तिला खास सवलत देतो, म्हणाले.

"सवलत नको," शरयू म्हणाली. "नियम बदला. कुठं जन्मलो ते विचारू नका, हाडं तपासा."

रेगेकाकांनी नियमांची वही उघडली. मग त्यांनी नियमातली जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि सही केली. पेन खाली ठेवून त्यांनी मावशींना हळूच विचारलं, की अठ्ठावन्नाव्या वर्षीही हाडं ऐकतात का? त्यांना पृथ्वी सोडून एकोणीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यांचीही हाडं विरळ झाली होती आणि परत जायची आशा त्यांनी केव्हाच सोडली होती, हे शरयूला तेव्हा कळलं.

सावकाश ऐकतात, पण ऐकतात, असं मावशींनी सांगितलं.

"उद्या सकाळी सातला या, काका," शरयू म्हणाली. "पहिल्या दिवशी दहाच उड्या."