पुढच्या डाव्या पायाची नाल

भर उन्हाळ्यातली सकाळ होती. धुळीच्या रस्त्यावरून धाकटी पायी चालली होती. एका हातात घोडीचा लगाम, दुसऱ्या हातात घोडीच्या पायातून निखळलेली नाल, आणि नाकावर मावेल तेवढा राग. इतक्यात मागून एक गाडी आली. गाडी आपली म्हणायची, एरवी खटाराच तो! दारं खडखडतायत, आतली हत्यारं खणखणतायत, आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, अगदी पाठीशी येऊन त्यानं हॉर्न वाजवला.

घोडी उधळली नाही. धाकटीच उधळली.

"हॉर्न कुणासाठी? घोडीसाठी की माझ्यासाठी?"

खिडकीतून एक तरणं, उन्हानं रापलेलं तोंड बाहेर आलं. "जी रस्ता सोडेल तिच्यासाठी."

"रस्ता काय तुमच्या—" तिनं सुरुवात केली खरी, पण ऐकायला तो होता कुठे? तो खाली उतरून घोडीच्या पायांकडे बघत होता. धाकटीकडे अजून धड बघितलंही नव्हतं त्यानं. आणि खरं सांगायचं तर, याचाच तिला जास्त राग आला.

"पुढचा डावा," तो म्हणाला. "आवाजावरूनच वाटलं होतं. तीन पावलं बोलतात, चौथं गप्प."

"मग हॉर्न कशाला वाजवलात?"

"चुकलं," तो म्हणाला, आणि आता कुठे त्यानं वर बघितलं. तिच्याकडे. जरा जास्तच वेळ. "मी नवा नालबंद. मामांची कंबर धरलीय, म्हणून त्यांच्या जागी... तुमच्याच तबेल्याकडे निघालो होतो."

तबेला धाकटीच्या बाबांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातली माणसं यायची, आणि बापलेक त्यांना घोड्यांवर बसवून टेकडीवरून, रानातून, ओढ्यापलीकडे फिरवून आणायचे. थोरली लग्न होऊन गेल्यापासून खरारा करण्यापासून खोगीर चढवण्यापर्यंत सगळं धाकटीच बघायची. आणि हातातली ही घोडी म्हणजे तबेल्याची मालकीणच. तिला सगळे 'बाईसाहेब' म्हणत. परक्या माणसानं पायाला हात लावला, की बाईसाहेब सरळ चावायच्या.

"जपून हं," धाकटी म्हणाली. "चावते ती." सांगायला तिनं मुद्दाम थोडा उशीर केला होता.

पण त्यानं तोवर बाईसाहेबांचा पाय उचलून दोन गुडघ्यांत धरलासुद्धा होता. बाईसाहेबांनी मान वळवली, त्याचे केस हुंगले, आणि चक्क डोळे मिटून उभ्या राहिल्या. लबाड कुठली! कानस फिरली, हातोडी वाजली, खिळे बसले. पाय खाली ठेवून त्यानं खिशातून एक गाजर काढलं.

"लाच देताय?"

"मजुरी आहे. उभं राहायची." मग जरा थांबून, "तुम्हाला हवं?"

"मी गाजर नाही खात."

"मग काय खाता?"

"नालबंदांचं डोकं!"

तो हसला. मोठ्यानं नाही, पण हसला की त्याचा एक गाल दुसऱ्याच्या आधी हसायचा. धाकटीनं तेवढं टिपून घेतलं, आणि मग घरापर्यंत स्वतःवरच चिडत चालली.

आता, नीट बसवलेली नाल दीड-एक महिना तरी हलू नये. बाईसाहेबांची पुढच्याच आठवड्यात पडली. तो आला, बसवून गेला. पुन्हा आठवडाभरानं बघावं तर पाय मोकळा, नाल गवतात! बाकी घोड्यांच्या नाला जिथल्या तिथे. पडायची ती फक्त बाईसाहेबांची, आणि तीही पुढच्या डाव्या पायाची. घोडं कुठे पेंड खातंय ते कुणालाच कळेना.

मात्र नाल पडली की तो यायचा. आणि तो आला, की नेमकं धाकटीचंच काहीतरी काम त्या कोपऱ्यात निघायचं.

"तुम्ही कधी घोड्यावर बसता की नाही?" एकदा तिनं विचारलं.

"छे. मी जन्म काढला तो घोड्याच्या पायाशी. वर काय असतं, ते नुसतं ऐकून आहे."

"वर वारा असतो."

त्याची हातोडी थांबली. "एकदा दाखवा मला."

"एकदा नाल टिकवून दाखवा. मग बघू."

तो मान खाली घालून हसला. त्या हसण्यानंच तर धाकटीच्या मनात किडा सोडला. हा मुद्दाम तर नाही ना खिळे सैल ठेवत? यायला मिळावं म्हणून? विचार आला आणि तिचे कान तापले. आधी भारी आनंद झाला. मग वाटलं, शी! वर कुणी बसलेलं असताना घोडी अडखळली तर? आणि मग, मनाच्या अगदी तळाशी, पुन्हा आनंदच झाला. काय करता?

त्यात आणखी एक गंमत होती. रोज सकाळी त्याचा खटारा कुरणापलीकडच्या रस्त्यानं जायचा. जात असेल कुठेतरी कामाला. लांबून खडखडाट ऐकू आला, की धाकटीच्या हातातला खरारा आपोआप थांबायचा, आणि आवाज टेकडीआड विरेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचा नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं काय त्यात?

सुट्टी संपत आली. शेवटच्या रविवारी दिवसभराची मोठी रानफेरी असायची. तिच्यात सगळ्यांत पुढे बाईसाहेब लागायच्याच. त्या पाण्यात शिरल्याशिवाय एक घोडा ओढा ओलांडायचा नाही. आणि बुधवारी बघतात तर नाल पुन्हा गायब! बाबांचा पारा चढला. नालबंद येऊन पाय हातात घेतो न घेतो, तोच ते कडाडले.

"तुझ्या मामानं ठोकलेली नाल झिजून कागद व्हायची, पण पाय सोडायची नाही. आणि तुझी? नाल आहे की पाहुणी? चार दिवस राहते आणि निघते!"

त्यानं पाय गुडघ्यांत घेतला आणि कानस चालवली.

"आता शेवटचं सांगतो. आणखी एकदा पडली, तर शहरातून दुसरा नालबंद आणीन. हिच्या एकटीसाठी नाही, सगळ्या घोड्यांसाठी. मग तुझी गाडी या फाटकात दिसायला नको."

बोल ना, धाकटी मनात म्हणत होती, काहीतरी बोल! पण तो नुसता म्हणाला, "चुकलं, काका," आणि खिळे ठोकायला लागला.

त्याची हत्यारं गाडीत चढेपर्यंत तिनं कशीबशी कळ काढली. मग मागोमाग गेली.

"एक विचारू? खरं सांगाल?" तिनं गाडीचं दार धरून ठेवलं. "तुम्ही... मुद्दाम सैल ठेवता ना?"

तो बघतच राहिला. "मी?"

"मग कोण?"

"मी तुमचं नाव येऊ दिलं नाही, आणि तुम्ही उलट मलाच—"

"माझं नाव? कशात?"

आता मात्र तो गडबडला. हातातली कानस या हातातून त्या हातात गेली. "म्हणजे... तुम्ही नाही काढत? खोगिरांच्या खोलीत पकड टांगलेली असते. मला वाटलं, तुम्हीच..."

"मी कशाला काढू माझ्याच घोडीची नाल?"

त्याचे कान लालबुंद झाले. "मी यावं म्हणून," तो पुटपुटला.

"काय बाई चढेल माणूस!" ती उसळली. "असं कसं वाटलं तुम्हाला?"

"आणि मी सैल ठेवतो, असं तुम्हाला कसं वाटलं?"

"कारण तुम्हाला यायचं असतं इथे!" झालं. बोलून गेली ती. शब्द बाहेर, आणि आता आत घ्यायची काही सोय नाही.

कुठेतरी एक घोडा फुरफुरला. आणि मग हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे मघाशी... बाबा एवढं बोलले, ते तुम्ही माझ्यासाठी ऐकून घेतलंत?"

"कामाला कुणी नावं ठेवली की मला जेवण जात नाही," तो खाली बघत म्हणाला. "पण खरं काय ते सांगितलं असतं, तर बोलणी तुम्ही खाल्ली असतीत. त्यापेक्षा मीच वाईट कारागीर बरा."

धाकटीला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. दोन्ही एकदम आलं की माणसानं करायचं तरी काय? ती फाटकाच्या कडीशीच चाळा करत बसली.

"पण मग," शेवटी ती म्हणाली, "नाल काढतंय तरी कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गवताच्या गंजीआड दबा धरून बसली. कुरणात बाईसाहेब साध्याभोळ्या चेहऱ्यानं चरत होत्या. बराच वेळ काही झालं नाही. तिच्या पायाला मुंग्या आल्या, मानेवर माश्या बसल्या. आणि मग लांबून तो ओळखीचा खडखडाट आला.

धाकटीचे कान टवकारले. बाईसाहेबांचेही!

घास तोंडात तसाच ठेवून बाईसाहेब तुरुतुरु रस्त्याकडच्या फाटकाशी गेल्या, मान वर करून आवाजाकडे बघत राहिल्या, आणि पुढचा डावा पाय आपटायला लागल्या. गाजरवाला येतोय! ये लवकर! आपटता आपटता पाय फाटकाच्या खालच्या लोखंडी पट्टीत गेला. एरवी तो सुटतही असेल. आज नालेची मागची कड पट्टीला नेमकी अडकली. बाईसाहेबांनी पाय ओढला आणि खिळे करकरले.

"थांब! अगं, थांब!" धाकटी धावली. खुराला हात घालून तिनं पाय सोडवला. नाल वाकडी झाली होती, पण पायातच होती. मग ती तशीच फाटकावर चढली आणि रस्त्याकडे बघत दोन्ही हात हलवायला लागली. खटारा थांबला. तो धावत आला, आणि आरडाओरडा ऐकून हातात चहाचा कप घेतलेले बाबाही आले.

"चोर सापडला!" ती धापा टाकत म्हणाली आणि घडलेलं सगळं सांगितलं. "यांची गाडी ऐकली की गाजर आठवतं हिला. रोज इथे येऊन पाय आपटते!"

नालबंदानं बाईसाहेबांच्या कपाळाला कपाळ टेकवलं. इतक्या दिवसांचा श्वास त्यानं आत्ता सोडला असावा.

"म्हणजे तुझ्या कामात खोट नव्हती," बाबा म्हणाले. बाबा तापट खरे, पण कबूल करताना कंजूषपणा करत नसत. "मी नको ते बोललो. विसरून जा." त्यांनी चहाचा घोट घेतला, रस्त्याकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण काय रे... तुझं घर नदीपलीकडे. काम बाजाराच्या बाजूला. मग रोज सकाळी तुझी गाडी इथून कशी?"

त्यानं बाईसाहेबांची वाकडी नाल उगाच चाचपली.

"हा रस्ता टेकडीला वळसा घालून परत गावातच जातो. मध्ये माणसाचं घर नाही. कुठेच जात नाही हा रस्ता!"

त्यानं एकदा धाकटीकडे बघितलं. मग कान लाल, पण आवाज स्वच्छ — "इथवर येतो ना, काका."

धाकटीनं बाईसाहेबांच्या आयाळीत तोंड लपवलं, पण लपतंय कसलं? तिची वेणीसुद्धा हसत होती.

"अस्सं!" बाबा शेवटी म्हणाले. "म्हणजे नाल पाडणारा तूच की! काखेत कळसा आणि अक्षरशः गावाला वळसा! अरे, यायचं तर फाटक उघडून ये. माझं पेट्रोल जात नाही, पण घोडीचे खूर खराब होतात." आणि उरलेला चहा पीत ते घराकडे वळले, ते पाठ फिरवूनच हसले.

त्याच दुपारी नाल सरळ होऊन पुन्हा बसली आणि फाटकाच्या खालच्या पट्ट्यांवर फळी ठोकली गेली. रविवारची मोठी फेरी झाली, बाईसाहेब दिमाखात ओढ्यात शिरल्या, नाल जागची हलली नाही. पाहुणे गेले, आणि सोमवारी संध्याकाळी तो आला. पायी. ना गाडी, ना हत्यारं. धुतलेला शर्ट, आणि खिशातून डोकावणारं गाजर.

"नाल पडलेली नाही," धाकटी फाटकाशीच म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"वर काय असतं, ते बघायचंय."

तिनं बाईसाहेबांवर खोगीर चढवलं, त्याचा पाय रिकिबीत ठेवला आणि त्याला वर ढकललं. स्वतः शेजारच्या घोड्यावर बसली. टेकडीपर्यंत तो दोन्ही हातांनी आयाळ धरून, श्वास रोखून, लाकडासारखा बसला होता. वरती ऊन उतरलं होतं, वाळलेलं गवत सळसळत होतं, आणि खरंच, वारा होता.

"घाबरलास?" तिनं विचारलं. 'तुम्ही' कुठल्या वळणावर गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही.

"हो. आणि... मला तू आवडतेस. हे खाली उभा राहून सांगणार होतो. सोपं गेलं असतं."

"मग उतर आणि सांग."

"उतरता येत नाही!"

ती इतकी हसली की तिचा घोडा दचकला. मग तिनं तो बाईसाहेबांच्या अगदी लगत आणला, आयाळीत घट्ट रुतलेला त्याचा एक हात सोडवून आपल्या हातात घेतला.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "त्या हॉर्नपासून. आता उतरू नकोस."