तापीच्या धारेत ट्रॉली

तापीच्या पहिल्या पुरानं पळवलेली नाव परत आणायला तिघं निघाले होते: मासेमारी करणारा आधार भोई, त्याची बायको लिलाबाई आणि ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आलेला केळीवाला भाईदास. नाव चोपड्याच्या खालच्या अंगाला बाभळींत अडकल्याची खबर होती. ती मिळाली तरच यंदा जाळं ओलं होणार होतं. नाहीतर अख्खा हंगाम दुसऱ्याच्या शेतात निंदणी. सागाच्या फळ्या जमवून, सांध्यांत डांबर भरून नवरा-बायकोनं उन्हाळाभर खपून ती बांधली होती.

रस्ता कसला, घळीच घळी! लिलाबाई पुढं होऊन कुऱ्हाडीनं काटे तोडत होती. एका नाल्यात ट्रॉली निम्मी कलंडली. रानडुकरांचा कळप असा आडवा आला की आधार चक्क मडगार्डवर चढून बसला! लिलाबाई हसून हसून बेजार झाली. असं रान तुडवायला तिला ना माहेरी मिळालं होतं, ना सासरी.

आणि दुपारी झाडीतून नाव दिसली. दोन खोडांमध्ये, सुखरूप!

आधारनं छातीभर पाण्यात उतरून ती सोडवली. लिलाबाई आत चढली आणि बांबूनं रेटत तिनं ती रेतीवाल्यांच्या उताराशी आणली. भाईदासनं ट्रॉली मागं पाण्यात घेऊन तिचा मागचा फाळका पाडला. धारेनं दोनदा नाव आडवी फिरवली. तिसऱ्यांदा आधारनं पुढून ओढलं, तिनं मागून बांबू रोवला आणि नाव ट्रॉलीवर सरकली!

भाईदास खूश झाला. केळीचे घड लादले की आधी दोर आवळायचा, मगच गाडी हलवायची, ही त्याची कायमची सवय. त्यानं नाव पाण्यातच ट्रॉलीला करकचून बांधली. आनंदाच्या भरात आधारच्याही ही चूक ध्यानात आली नाही.

तेवढ्यात वरून गढूळ लोंढा आला. धरणाचे दरवाजे उघडले असावेत.

"भाऊ, आते काढा! पानी चढी राहिनं!" लिलाबाई नावेतूनच ओरडली.

भाईदासनं गिअर टाकला. चाकं फिरली, पण जागच्या जागी! केळीचे घड कोरड्यावर लादतात, नाव पाण्यात तरंगते. ती वर उचलली जाऊ लागली आणि बांधलेली ट्रॉलीही तिच्याबरोबर उचलली जाऊ लागली. धारेनं ट्रॉलीचं शेपूट फिरवलं. ट्रॅक्टर हळूहळू नदीकडे सरकू लागला.

"दोर काप! नाव जाऊ दे!" ट्रॉलीच्या हुकाशी कमरेइतक्या पाण्यात उभा आधार ओरडला. "भाऊना ट्रॅक्टर वाही जाई!"

लिलाबाईनं कुऱ्हाड उचलली. दोर समोरच ताणलेला होता. एक घाव, की नाव थेट सुरतेला!

नावेतलं पाणी उपसण्यात तिचा जन्म गेला होता. पाणी भरलं की नाव बसते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मग बसू दे की!

तिनं कुऱ्हाड दोरावर नाही, मागच्या तळफळीवर घातली.

"लिला! काय करी राहिनी तू?"

ठाण्! फळी तडकली. ठाण्! ठाण्! पाणी उसळून आत आलं. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत! तिचा हात थांबला नाही. नाव जड झाली, खाली बसली. ट्रॉलीची चाकं रेतीला टेकली.

"आते, भाऊ! आते!"

ट्रॅक्टरनं काळा धूर ओकला. एक हिसका! दुसरा! चाकांनी जमीन धरली. ट्रॉली वर चढू लागली, तसं त्याच भोकातून पाणी धो धो बाहेर पडू लागलं आणि नाव हलकी होत गेली.

काठाच्या माथ्यावर भाईदासनं इंजिन बंद केलं. तो उतरून नावेपाशी आला. "मनीच भूल व्हयनी, वहिनी. नावले केळीसारखी बांधी दिधी."

आधार भोकाशी वाकला. कोपरापर्यंत हात आत गेला. त्यानं स्वतः बसवलेली फळी होती ती. लिलाबाईला आता खरी धास्ती वाटली. रानडुकरांची वाटली नव्हती, पुराची वाटली नव्हती. या गप्प माणसाची वाटली.

"इतलंसंच भोक?" तो शेवटी म्हणाला. "आखो मोठं पाडती, तं पानी लवकर भरतं, आन आतेलोंग घर पोचतूत!"

तिला हसू आलं आणि रडूही. मग तिनं कुऱ्हाड खाली ठेवली. इतका वेळ ती हातातच होती.